मुंबई हायची ती ज्वाला आणि तुमचा सिलिंडर

मुंबई हाय म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र, तिथल्या प्लॅटफॉर्मवर जळणाऱ्या ज्वालेचा फोटो टाकून "बघा, गॅस फुकट जाळतायत आणि आपल्याला सिलिंडर महाग" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, माझ्या काकांनीही परवा पाठवला. अहो, मुंबई हायचा गॅस जाळून संपवत नाहीत, तो समुद्राखालच्या पाइपलाइननं उरणला येतो आणि तिथे त्यातून एलपीजी, म्हणजे सिलिंडरचा गॅससुद्धा काढतात! विहिरीतला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन, त्यामुळे ती ज्वाला थेट सिलिंडरमधे भरायची गोष्टच नाही.

मग ज्वाला कशाला? अचानक प्रेशर वाढलं, कॉम्प्रेसर बंद पडला तर गॅस कुठेतरी सोडावा लागतो, म्हणून पायलट, म्हणजे तो गॅस पेटवायची छोटी ज्योत, कायम पेटती ठेवतात. तसाच हवेत सोडला तर स्फोटाची भीती, शिवाय मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट वातावरण तापवतो, आणि जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइडच होतो, म्हणजे जाळणं त्यातल्या त्यात बरं.

पण सगळं फ्लेअरिंग (असं गॅस जाळणं) सेफ्टीसाठीच असतं असंही नाही हां. पाइपलाइन टाकायचा खर्च नको म्हणून तेलाबरोबर येणारा गॅस रोज जाळणं, हा खरा लफडा. नायजेरियानं १९७९ ला कायदा करून १९८४ पासून परवानगीशिवाय जाळायला बंदी घातली, तरी तिथल्या नायजर डेल्टा या तेलाच्या भागात अजून जळतंय, कारण कित्येक वर्षं दंड भरणंच स्वस्त पडायचं. वर्ल्ड बँकेनं २०१५ मधे २०३० पर्यंत हे रोजचं जाळणं बंद करायचा उपक्रम काढला, पण तो ऐच्छिक आहे.