आधी गावात रचलेला दीपस्तंभ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावात लोक येतात ते ११७८ साली स्थापन झालेल्या लाल वालुकाश्माच्या मठासाठी आणि धुरावलेल्या हॅडॉक माशासाठी. दोन्ही सोडू नयेच. पण बंदराजवळच्या पांढऱ्या सिग्नल टॉवरला निदान तासभर द्या, कारण तिथे ज्याची हकिगत कळते तो बेल रॉकचा दीपस्तंभ इथून १८ किलोमीटरवर, भर समुद्रात आहे.

मठाच्या एका अधिपतीने त्या खडकावर घंटा बांधली होती अशी आख्यायिका आहे. नाव त्यावरूनच पडलं. खडक कपटी. उधाणाच्या भरतीत तो चार-पाच मीटर पाण्याखाली जातो आणि ओहोटीला जेमतेम डोकं वर काढतो. १८०७ साली काम सुरू झालं तेव्हा पाथरवटांना एका ओहोटीत दोन-तीन तासच मिळत. कठीण खडकावर टिकावांची टोकं भराभर बोथट होत, म्हणून लोहाराची भट्टीही खडकावरच मांडावी लागली. लोहार गुडघाभर पाण्यात उभा राहून घाव घाली. लाट आली की निखारे विझत.

एवढ्या वेळात तिथे दगड घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून ते काम आर्ब्रोथच्या आवारात झालं. बाहेरून ॲबर्डीनकडचा ग्रॅनाइट, आत डंडीजवळचा वालुकाश्म. दगडाचं सरासरी वजन सुमारे पाऊण टन. प्रत्येक थर आधी आवारातल्या ओट्यावर पूर्ण रचून पाहायचा, दगडांवर खुणा घालायच्या, मग तो उकलून गलबतात चढवायचा. समुद्रात दगड बसला नाही तर अख्खी ओहोटी वाया, म्हणून ही तालीम. अशा २,८३५ दगडांचे ९० थर झाले.

दगड एकमेकांत अडकतात ते सुताराच्या डव्हटेल सांध्यासारखे, म्हणजे टोकाला रुंद होणारी जीभ तशाच खाचेत बसावी तसे, त्यामुळे लाटेने एकटा दगड ओढून निघत नाही. पण चुना आळायच्या आत भरती येणार, त्याचं काय? दगडातून आरपार भोक पाडून ओकची खुंटी खालच्या थरात ठोकायची आणि पाचरीने आवळायची. चुन्यात पोझोलाना ही ज्वालामुखीची माती मिसळलेली असे. ती असली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो.

तळाशी व्यास सुमारे १३ मीटर, वर साडेचार. खालचा जवळपास नऊ मीटर भाग भरीव आहे, म्हणून दारही तेवढ्याच उंचीवर. खरी करामत मात्र वरच्या खोल्यांत आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या जुन्या एडिस्टन दीपस्तंभाच्या कमानदार तक्तपोशी भिंतींना बाहेर रेटत, म्हणून तिथे लोखंडी साखळ्या घालाव्या लागल्या. इथे तक्तपोशीचे दगड भिंतीतच गुंतवले. रेटण्याऐवजी त्या भिंतीला आत धरून ठेवतात.

दिवा १ फेब्रुवारी १८११ रोजी लागला. श्रेय अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सनला मिळतं, पण मुख्य अभियंता जॉन रेनी होता. कोणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. जागेवर राबला तो स्टीव्हन्सन, एवढं नक्की.

सिग्नल टॉवर १८१३चा. सगळं ठीक असलं की दीपस्तंभावर सकाळी तांब्याचा गोळा वर चढे. टॉवरमधला माणूस तो दुर्बिणीतून पाही आणि इथलाही गोळा चढवी. तिकडचा गोळा खालीच राहिला, की काहीतरी बिघडलंय. १९८८ साली दिवा स्वयंचलित झाला आणि खडकावरचे राखणदार कायमचे किनाऱ्यावर आले. हवा स्वच्छ असली तर आजही तो बारीक पांढरा खांब किनाऱ्यावरून दिसतो. दुर्बीण बरोबर ठेवा.