गोव्यात घराआधी ‘झोन’ का विचारतात?

गोव्यात जागा बघायला येणारा माणूस पूर्वी समुद्र किती लांब ते आधी विचारायचा. आता दलालाला पहिला प्रश्न येतो, ‘झोन कुठला?’, म्हणजे सरकारी आराखड्यात ती जागा कशासाठी ठेवलेली. सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायची वसाहत असेल तर बोलणी पुढे सरकतात. ऑर्चर्ड, म्हणजे बागायत असेल तरी फोन लगेच ठेवला जात नाही. गिऱ्हाईक आवाज खाली आणून विचारतं, ‘होईल का?’, म्हणजे झोन बदलून सेटलमेंट होईल का. घरांच्या मागणीबद्दल लिहिताना समुद्र, मोकळी हवा, मासे, शहराच्या गर्दीतून सुटका ही कारणं सगळेच सांगतात आणि ती खरीही आहेत. पण गेल्या वीस वर्षांत इथल्या किमती ज्या वेगाने चढल्या, त्याचा उलगडा मला या ‘होईल का’मध्ये जास्त सापडतो.

राज्याचं क्षेत्रफळ अवघं ३,७०२ चौरस किलोमीटर. सत्तरी, सांगे, काणकोणचा मोठा भाग जंगल आणि अभयारण्यात गेलेला. किनाऱ्यावर १९८१ साली पंतप्रधानांच्या पत्राने भरतीरेषेपासून पाचशे मीटर मोकळे ठेवायची शिस्त सांगितली आणि १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने तिला कायद्याचं रूप दिलं. गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढे पाचशेपर्यंत अटी. खाडीकाठच्या खाजन, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या जमिनी बांध आणि मानशींवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांवर) उभ्या, तिथे भराव घातला तर शेजारच्याचं शेतही जातं. कूळ कायदा १९६४ चा. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे मालक झाले आणि १९९१ च्या आणखी एका कायद्याने अशी कुळांकडे आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही असं बंधन आलं. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या सामायिक जमिनींचे नियम वेगळेच. एवढं सगळं वजा केल्यावर कायद्याने घर बांधता येईल अशी जागा किती उरते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मागणी कितीही असो, ती याच चिंचोळ्या पट्टीत घुसते.

त्यात वारसा हक्काची गाठ. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, विकताना दोघांची सही हवी, आणि मुलांचा निम्मा हिस्सा कुणाला डावलता येत नाही. म्हापशाच्या उपनिबंधक कार्यालयाबाहेर एका शुक्रवारी, खाली बाजार गजबजलेला असताना, बार्देशातल्या एका जुन्या घराचं विक्रीखत मी वाचलं होतं. विकणाऱ्यांची नावं साडेचार पानं चालली होती. कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला, कुणी इंग्लंडमधल्या स्विंडनला, दोघांच्या वतीने मुखत्यारपत्र, एकाचा अंगठा. घर पाहिलं तर छपराची कौलं निम्मी उतरलेली, बाल्कांवाच्या (दारापुढच्या ओसरीच्या) बाकावर नारळाच्या झावळ्या. अशी घरं वर्षानुवर्षं बाजारात येतच नव्हती. ती एकदा मोकळी करून देणारे वकील, दलाल आणि पैसेवाले आले, तेव्हा ‘पोर्तुगीज घर’ हा स्वतंत्र माल झाला.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. मुक्तीनंतरची पहिली दोन दशकं बाहेरच्या खरेदीदाराची नव्हतीच. आखातातून आणि जहाजावरच्या नोकरीतून आलेल्या पैशाने सासष्टी-बार्देशात घरं उठली, मडगाव-पणजीत पहिले फ्लॅट विकले गेले. हणजूण-कळंगुटला साठच्या दशकाअखेर आलेले हिप्पी खोल्या भाड्याने घ्यायचे. १९८३ साली राष्ट्रकुल प्रमुखांच्या विश्रांतीसाठी गोवा निवडला गेला, ऐंशीच्या दशकातच युरोपातून चार्टर विमानं सुरू झाली, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला. दर टप्प्याला गोवा थोड्या जास्त लोकांच्या डोळ्यात भरला. नव्वदच्या दशकात ताळगाव, करंजाळे, दोनापावला, पर्वरी या भागांत उठलेल्या इमारती मात्र प्रामुख्याने इथल्याच नोकरदाराच्या, निवृत्ताच्या आणि परदेशातल्या गोंयकाराच्या होत्या.

परदेशी खरेदीदाराबद्दल खूप आरडाओरडा झाला. मोरजीत रशियन, हणजुणेत इंग्रज, अशी चित्रं रंगवली गेली. प्रत्यक्षात परकी चलन कायद्याप्रमाणे आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त राहिल्याशिवाय आणि इथे राहण्याचा खराखुरा इरादा असल्याशिवाय परदेशी नागरिकाला घर विकत घेता येत नाही. पर्यटन व्हिसावर तर नाहीच. २००० नंतरच्या दशकात अशा व्यवहारांची चौकशी लागली आणि तो ओघ आटला. बाजाराचं वजन भारतातल्या शहरांकडे तोवर सरकलेलं होतं, हे त्या गोंगाटात फार कमी लोकांनी पाहिलं.

आता ज्या गोष्टीवर मला सविस्तर लिहायचं आहे ती. राज्यातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ (आकडा लक्ष्यवर्षाचा) २००६ च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाला. नकाशे लोकांच्या हाती पडले तेव्हा डोंगर, काजूच्या बागा, रानं यांचे मोठाले पट्टे वसाहत क्षेत्रात गेलेले दिसले. ग्रामसभा उठल्या. गावागावांत माणसं नकाशा जमिनीवर पसरून स्वतःच्या गावाचे सर्वे नंबर शोधत बसली. महिलांनी, पाद्रींनी, पुजाऱ्यांनी, शिक्षकांनी एकत्र येऊन आंदोलन उभारलं आणि २००७ च्या प्रजासत्ताकदिनी तो आराखडा मागे घेत असल्याची घोषणा सरकारला करावी लागली. एका छोट्या राज्यात लोकांनी नकाशा वाचायला शिकून सरकारचा नकाशा परत करायला लावला, ही घटना मी आजही मोठी मानतो.

त्यानंतर आलेला आराखडा २०२१ गावांकडून सूचना घेऊन तयार झाला. भातशेती, खाजन, जंगल, पाणथळ एका संवेदनशील गटात, बागायती आणि न बांधायचे उतार दुसऱ्या गटात, अशी त्याची मांडणी होती. त्यात चुका नव्हत्या असं नाही. कुणाचं राहतं घर शेतात दाखवलं गेलं, कुणाच्या बागेतून रस्ता काढला. २०१२ ला सरकार बदललं, आराखडा थंड्या बस्त्यात गेला, आणि २०१८ ला पुन्हा हालचाल सुरू झाली. मधल्या वर्षांत राज्यात नियोजनाची नेमकी स्थिती काय, हे सामान्य माणसाला विचारलं तर सांगता येत नव्हतं. जमीन घेऊन ठेवणाऱ्याला मात्र अशी अनिश्चितता चालते. खाणी २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला बंद पडल्यावर राज्याच्या अर्थकारणाचा भार पर्यटन आणि बांधकामाकडे आणखी झुकला, तोही याच काळात.

सगळा गुंता ‘चूक’ या शब्दात आहे. २०१८ साली नगरनियोजन कायद्यात झोन बदलून मागायची सोय देणारं १६ ‘ब’ कलम आलं, त्याला न्यायालयात आव्हान मिळालं. मग २०२३ साली १७ व्या कलमाला दुसरं पोटकलम जोडलं गेलं. आराखड्यात अनवधानाने झालेली चूक किंवा क्षेत्रांची विसंगत आखणी असेल तर ती दुरुस्त करता येईल, असं ते म्हणतं. वाचायला यात आक्षेपार्ह काहीच नाही. ज्याचं आजोबांच्या वेळचं घर नकाशात शेत म्हणून लागलं, त्याला दुरुस्ती मिळालीच पाहिजे. प्रत्यक्षात अर्ज सर्वे नंबरागणिक आले, मालकाच्या मागणीवर, आणि ‘दुरुस्ती’ची दिशा जवळजवळ एकच राहिली : बागायतीतून, शेतातून, उतारावरून वसाहतीकडे. वीस लाख चौरस मीटरांहून जास्त जमीन अशी वळली. चूक खरोखर अनवधानाची असती तर ती कधीतरी उलट्या बाजूनेही सापडली असती. सेटलमेंट म्हणून लागलेलं एखादं भातशेत परत भातशेत करून द्या, असा अर्ज घेऊन कोण आलं?

या दुरुस्तीचा मागणीशी थेट संबंध आहे. ऑर्चर्ड आणि सेटलमेंट यांच्या दरात काही पटींचा फरक असतो. शिक्का बदलला की एका दिवसात तो फरक मालकाच्या खिशात जातो, जमिनीवर एक वीट न लावता. त्यामुळे डोंगराची बाग घेणारा गिऱ्हाईक घराचा शोध घेत नसतो, तो शिक्का बदलण्याच्या शक्यतेचे पैसे मोजत असतो. ही शक्यता जितकी जास्त, तितके असे गिऱ्हाईक जास्त, आणि त्यांचा दर पाहून शेजारच्या वाड्यावरच्या खऱ्या सेटलमेंटचाही दर चढतो. जमीन मोकळी केली की पुरवठा वाढून घरं स्वस्त होतील, हा युक्तिवाद इथे सतत ऐकू येतो. आसगाव, शिवोली, हळदोणे, मयडे या गावांत गेली पाच-सात वर्षं फिरलेल्या कुणालाही तो पटणार नाही. पुरवठा वाढला तो तरणतलावाच्या व्हिलांचा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ च्या मार्चमध्ये या पोटकलमाखालचे नियम रद्द केले आणि पोटकलमाचा अर्थही आवळून धरला. त्याआधीच, २०२४ मध्ये, झोन बदलून देणारं ३९ ‘अ’ हे नवं कलम आलेलं होतं. त्यात ‘चूक झाली’ असं कारणही दाखवावं लागत नाही. अर्ज, जाहीर सूचना, हरकतींसाठी तीस दिवस.

शेजारच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. गोव्यात असं बंधन २०२३ पर्यंत नव्हतंच, आणि तेव्हा आलेला कायदाही मुख्यतः भातशेतीला लागू आहे. डोंगरावरची काजूची बाग दिल्लीच्या व्यावसायिकाने घ्यायला आडकाठी नाही. घटनेच्या ३७१ व्या कलमासारखं संरक्षण मिळावं म्हणून विधानसभेने २०१३ ला ठराव केला, पण केंद्राने ते दिलं नाही. बागेत शेतघर बांधण्याची सोय कायद्यात आहे, किमान चार हजार चौरस मीटर जमीन असेल तर. ती मुळात शेत राखणाऱ्यासाठी होती. तिचा वापर कसा झाला ते फाटकावरचे कॅमेरे सांगतात.

कोविडने या सगळ्यात तेल ओतलं. कार्यालयं बंद, काम लॅपटॉपवर, रेपो दर चार टक्क्यांवर आणल्यामुळे गृहकर्ज स्वस्त, आणि दिल्ली-मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या पगाराच्या माणसाला चार भिंतींतून बाहेर पडायची घाई. वर्षातले दोन महिने राहायचं, उरलेले दहा महिने रात्रीच्या भाड्याने द्यायचं, हे गणित दलालांनी तोंडपाठ करून ठेवलं. २०२४ मध्ये पर्यटकांचा सरकारी आकडा एक कोटीवर गेला, त्यात परदेशी पाच लाखांच्या आत. म्हणजे घर घेणारा आणि त्यात भाड्याने उतरणारा, दोघेही देशातलेच. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. मांडवीवरचा तिसरा पूल आणि झुआरीवरचा नवा पूलही आता वापरात आहेत. पेडणे तालुक्यात मांद्रे-मोरजीपुरता असलेला बाजार धारगळ, तुयेपर्यंत आत शिरला.

मागणीची धग कागदांनाही लागली. परदेशी गेलेल्यांच्या, मयत झालेल्यांच्या मालमत्ता बनावट जुन्या दस्तांवर विकल्या गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ च्या जूनमध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. २०२४ च्या जूनमध्ये आसगावात एका राहत्या घराचा भाग बाउन्सर उभे करून जेसीबीने पाडला गेला. त्या घराचा पाडलेला कोपरा आणि उघडी पडलेली खोली ज्यांनी पाहिली, त्यांना बाजारभाव हा शब्द नंतर सहज उच्चारता आला नसेल.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी सापडली होती, साधारण दर पाचातलं एक. ही मोजणी कोविडच्याही आधीची, मोपाच्याही आधीची. आणि त्याच राज्यात पंचवीस-तीस हजार पगाराचा तरुण लग्न ठरलं की पर्वरीचा, म्हापशाचा, फोंड्याचा दर विचारून गप्प बसतो. वडिलोपार्जित घरात त्याचा हिस्सा कागदावर असतो, पण वाटणी होत नाही तोवर त्यावर कर्जही मिळत नाही. कित्येकांनी हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, बांदा, सावंतवाडी, दोडामार्गला खोली घेतली आहे. हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर सकाळी सात वाजता उभं राहिलं तर दुचाक्यांची रांग दिसते, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात कंपनीचा बिल्ला. आता बांद्याचेही दर वाढू लागलेत.

३९ ‘अ’ खालच्या सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येतात. गाव, सर्वे नंबर, चौरस मीटर, ‘ऑर्चर्डमधून सेटलमेंट’. आमच्या गावच्या चहाच्या दुकानात एक निवृत्त मास्तर ते पान कात्रीने कापून ठेवतात आणि आपल्या पंचायतीतले नंबर लाल पेनाने अधोरेखित करतात. मागच्या आठवड्यात तीन होते. तिन्ही डोंगराच्या एकाच कुशीतले, ज्या झरीचं पाणी खालच्या वाड्यावर येतं तिच्या वरचे. हरकतींचे अर्ज त्यांनी हाताने लिहिले आणि सह्यांसाठी दुकानाच्या काउंटरवर ठेवून दिले. मुदत संपायला बारा दिवस आहेत.