स्प्रिंगच्या दोन नोडमधले अंतर: वादाची पार्श्वभूमी

इमारतीच्या चौकटीच्या संगणकीय मॉडेलमध्ये सांध्याच्या जागी स्प्रिंग घालतात. त्याचे दोन नोड, म्हणजे विस्थापने (हालचाली) मोजायचे बिंदू, एकाच जागी ठेवायचे की मध्ये फट ठेवायची, हा वाद. मुळात सांधा म्हणजे एक तर पिन (मोकळा फिरणारा) नाही तर फिक्स (अजिबात न फिरणारा), ही विभागणी हाताने गणिते करण्याच्या काळातली सोय. रिव्हेटच्या सांध्यांवर 1910च्या दशकातच चाचण्या झाल्या होत्या आणि खरा सांधा या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी वागतो, हे दिसले होते. 1930च्या दशकात तो फिरता स्प्रिंग म्हणून स्लोप-डिफ्लेक्शनच्या (बीमच्या टोकांच्या फिरण्या-सरकण्यावरून बले काढण्याच्या) समीकरणांत आला, 1960च्या दशकात मॅट्रिक्स पद्धतीत. इथवर मतभेद फारसे नव्हते.

गुंता झाला तो सॉफ्टवेअरमध्ये. सुरुवातीच्या प्रणालींतला स्केलर स्प्रिंग फक्त एवढेच जाणतो: एक स्टिफनेस (ताठपणा) आणि त्याने जोडलेली दोन विस्थापने. नोड अवकाशात कुठे आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोन्ही नोड एकाच बिंदूवर असतील तर हे अचूकच आहे. पण भूमितीवरून नोडची जाळी आपोआप तयार होऊ लागली, तसे एकाच जागचे नोड ‘मर्ज’ (एकच) होऊन स्प्रिंगच नाहीसा होण्याचा धोका आला. म्हणून अनेकांनी मध्ये थोडी फट ठेवायला सुरुवात केली.

ही फट निरुपद्रवी नाही. 20 मिमी फटीला काटकोनात स्प्रिंगमधून 50 किलोन्यूटन बल गेले, तर दोन टोकांवरची समान व विरुद्ध बले 1 किलोन्यूटन-मीटरचे युग्म (फिरवू पाहणारी बलांची जोडी) तयार करतात आणि त्याचा तोल सांभाळणारे काहीच मॉडेलमध्ये नसते. बल फटीच्याच रेषेत असेल तर चूक दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. स्प्रिंगला ‘शून्य लांबीचा’ म्हणण्याने गोंधळ वाढलाच: काहींना तो शब्द भूमितीबद्दल वाटतो, काहींना गणितातल्या गृहीतकाबद्दल.

पुढे आलेल्या स्प्रिंग-घटकांनी नोडचे निर्देशांक वाचून बल ताठ भुजांनी स्प्रिंगच्या जागेपर्यंत नेले, त्यामुळे ते युग्म हिशेबात आले. मात्र ती जागा फटीच्या मध्यावर धरायची की बोल्टच्या ओळीवर, हे मॉडेल करणाऱ्यालाच ठरवावे लागते आणि माझ्या मते तिथेच सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. नोड एकाच बिंदूवर असले तर वेगळी अडचण: दिशाच उरत नाही, अक्ष हाताने द्यावे लागतात.

स्टिफनेसच्या आकड्यांना शिस्त अलीकडची. युरोपीय पोलाद-संहितेच्या 2005च्या भागाने ब्रेसिंगच्या (आडवे हलणे रोखलेल्या) चौकटीत 8EI/L आणि त्यावर ताठ, 0.5EI/L पर्यंत पिन अशा सीमा घातल्या (EI म्हणजे बीमचा वाकण्याला होणारा विरोध, L त्याची लांबी). तरी ‘रिजिड’ म्हणून बेधडक प्रचंड आकडा टाकायची सवय गेली नाही. संगणकाच्या दुहेरी अचूकतेत सुमारे 16 अंकच असतात, त्यात शेजारच्या बीमचा स्टिफनेस बुडून जाऊ शकतो.

फटीची चूक पकडायला मात्र जुनीच कसोटी पुरते: सगळे आधार काढून कंपनवारंवारता काढायची. त्रिमितीतल्या अखंड जोडलेल्या मॉडेलच्या पहिल्या सहा (तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या) वारंवारता शून्याजवळ हव्यात. एखादी फिरती गती शून्यावर येत नसेल, तर कुठला तरी स्प्रिंग अदृश्य आधार देतो आहे.