ॲप-टॅक्सी (इंदूर)

मोबाइलवरून मोटार, रिक्षा किंवा दुचाकी बोलावून केलेला भाड्याचा प्रवास. ओला (२०१०), उबर (भारतात २०१३) आणि रॅपिडो (२०१५) या कंपन्यांमुळे ही पद्धत रूढ झाली. कंपनी प्रवासी आणि चालकाची गाठ घालून देते. गाडी बहुधा चालकाची असते. कायद्यात अशा कंपनीला ‘ॲग्रिगेटर’ म्हणतात. ही संज्ञा २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने आली.

इंदुरात त्याआधी नगरसेवेच्या मिनीबस आणि ‘मॅजिक’ या छोट्या प्रवासी गाड्या होत्या. त्या ठरलेल्या मार्गावर धावत आणि सवाऱ्या भरेपर्यंत हलत नसत. रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करावी लागे. सरवटे स्थानकावर (संविधान सभेचे सदस्य तात्या सरवटे यांच्या नावाचे) रात्री उतरणाऱ्या एकट्या बाईला भाडे आधी कळणे आणि गाडीचा ठावठिकाणा घरच्यांना पाठवता येणे, हा या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ होय.

भाडे मात्र स्थिर नसते. एखाद्या भागात मागणी वाढून गाड्या कमी पडल्या की ते चढते. रात्री सराफ्यातली खाऊगल्ली भरात असताना गाडी आत शिरत नाही; राजवाड्यापर्यंत चालत यावे लागते, आणि तिथेही तेव्हाच सगळ्यांना घरी जायचे असते. केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत होती. जुलै २०२५मध्ये ती दुपटीपर्यंत नेली. गाडी चालकाची असल्यास भाड्याचा किमान ८० टक्के वाटा त्याला मिळावा, असेही त्यांत आहे. ही तत्त्वे लागू करण्याचे काम राज्यांचे. अलीकडे अनेक ठिकाणी रिक्षाचालकांकडून फेरीमागे दलाली घेण्याऐवजी ठरावीक शुल्क घेतले जाते. दिवसाची कमाई हातात राहावी यासाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

ॲप-टॅक्सी बसची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. चाळीस माणसांची एक बस रस्त्यावर जेवढी जागा अडवते, त्याच्या कितीतरी पट जागा त्यांना वेगवेगळ्या मोटारींतून नेताना लागते. इंदूरने २०१३मध्ये आयबस या शहर-बससेवेसाठी सुमारे साडेअकरा किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग सुरू केला होता. तो काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये दिला. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा पाच स्थानकांसह सुरू झाला. स्थानकापासून सुदामानगरसारख्या वसाहतींतल्या दारापर्यंत पोहोचवणारी रिक्षा आणि दुचाकी हीच या सेवेची खरी जागा.