शालेय रोपवाटिका

शालेय रोपवाटिका : विद्यार्थ्यांनी स्वतः बी गोळा करून शाळेच्या आवारात पिशवीत किंवा वाफ्यात रोपे वाढवणे व ती लावणीयोग्य होईपर्यंत सांभाळणे, ही व्यवस्था. बाहेरून तयार रोपे आणून ती एका दिवसात लावण्याच्या कार्यक्रमालाही काही अहवालांत हेच नाव दिलेले आढळते. त्याला ‘वृक्षारोपण’ म्हणणे अधिक योग्य. पोषण आहारासाठी केलेली भाजीपाल्याची परसबाग ही निराळी गोष्ट असून तिचा येथे विचार केलेला नाही.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ अमेरिकेतील वृक्षदिनात आहे. नेब्रास्का राज्यात १० एप्रिल १८७२ रोजी पहिला वृक्षदिन साजरा झाला. त्यात शाळांचा संघटित सहभाग मात्र १८८२ मध्ये सिनसिनाटी येथे भरलेल्या वनपरिषदेपासून दिसतो. दुसरे मत शांतिनिकेतनकडे बोट दाखवते. तेथे रवींद्रनाथ टागोरांनी १९२८ मध्ये वृक्षरोपणाचा उत्सव सुरू केला आणि तो आश्रमशाळेच्या ऋतुचक्राचा भाग बनला. तिसरे, व सरकारी प्रकाशनांत सर्वाधिक आढळणारे मत, वनमहोत्सवाला मूळ मानते. पण वनमहोत्सवाच्या आरंभाविषयीही एकवाक्यता नाही. त्याचे श्रेय सामान्यतः कन्हैयालाल मुनशी यांना दिले जाते. केंद्रीय अन्न व कृषिमंत्री असताना १९५० मध्ये त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यातील हा उत्सव देशभर नेला. तथापि दिल्लीचे तत्कालीन उपायुक्त मो. सिं. रंधावा यांनी जुलै १९४७ मध्येच तेथे वृक्षारोपण सप्ताह भरवला होता. कल्पना रंधावांची व राष्ट्रीय स्वरूप मुनशींचे, असे मानल्यास दोन्ही नोंदींचा मेळ बसतो.

मात्र वरील तिन्ही परंपरा रोप लावण्याच्या आहेत, रोप तयार करण्याच्या नाहीत. त्या दृष्टीने चौथा धागा अधिक जवळचा वाटतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची (हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची) जी योजना मांडली, तीत मूलोद्योग, म्हणजे शिक्षणाचा पाया असलेला उद्योग, म्हणून कताई व सुतारकामाबरोबर शेती, तसेच फळे व भाज्यांची बागाईत यांचाही समावेश होता. त्याआधीही मुंबई इलाख्यात ‘लोणी’ पद्धतीच्या, म्हणजे मुख्यतः शेतीचेच शिक्षण देणाऱ्या, शेतकी शाळा होत्या. १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालात त्यांची तुलना पंजाबातील शेतीला जोडलेल्या शाळांशी केलेली आढळते. वाफा, बी, खुरपणी व नोंदवही हा क्रम या शाळांतून आला आणि वृक्षांचे बी त्यात पुढे पडले, असे मानण्यास जागा आहे.

शासकीय स्वरूप : सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९८०–८५) ‘प्रत्येक मुलामागे एक झाड’ ही घोषणा पुढे आली. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण खाते स्वतंत्र झाले आणि शाळा हे त्याच्या कामाचे एक केंद्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचे निर्देश दिले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची राष्ट्रीय हरित सेना ही शाळांतील पर्यावरण मंडळांची योजना २००१–०२ पासून सुरू झाली. मंत्रालयाची ‘शालेय रोपवाटिका’ याच नावाची योजना साधारण २०१५ च्या सुमाराची आहे. ‘महाराष्ट्र हरित सेना’ ही राज्याच्या वनविभागाची स्वयंसेवक नोंदणी असून तिचा राष्ट्रीय हरित सेनेशी नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. संदर्भ देताना या दोहोंची गल्लत वारंवार होते.

जागा, पिशव्या व माती : १,००० पिशव्यांना १० मी. × १ मी. चा एक वाफा पुरतो. ५ × ८ इंची पिशवी भरल्यावर सुमारे ८ सेंमी. व्यासाची होते, त्यामुळे अशा वाफ्यात दीड हजारांपर्यंत पिशव्या बसू शकतात. पण मधे हात घालून तण काढता यावे व पुढे पिशव्या हलवता याव्यात म्हणून एक हजारावर थांबणे बरे. वाफा एक मीटरहून रुंद केल्यास मुलांचा हात मधल्या ओळींपर्यंत पोहोचत नाही आणि नेमकी तीच रोपे कोरडी राहतात. जागा नळापासून किंवा हातपंपापासून जवळ हवी. एका पिशवीला एका वेळी १०० मिलि. धरले तरी हजार पिशव्यांना १०० लि. पाणी लागते, आणि एप्रिल-मे मध्ये ते दोन वेळा द्यावे लागते.

मिश्रण दोन भाग पोयटा किंवा गाळाची माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे असते. काळी चिकण माती असल्यास वाळूचा भाग दुप्पट करावा, नाहीतर पिशवीत ढेकूळ होऊन पाणी कडेने निघून जाते. हजार पिशव्यांना साधारण एक घनमीटर, म्हणजे एका ब्रासच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक मिश्रण लागते. ते चाळून घ्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत हे शाळांच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे : त्याच्या उष्णतेने कोंब करपतात, त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि वाळवीही आकृष्ट होते.

पिशवीच्या खालच्या अर्ध्या भागात भोके हवीत. भरताना तळाचा तिसरा हिस्सा बोटांनी घट्ट दाबावा, वरचा भाग ठोकून बसवावा व काठाशी २ सेंमी. जागा पाण्यासाठी मोकळी ठेवावी. तळ सैल राहिला की पिशवी कमरेत मोडते. त्या घडीतून पाणी खाली पळते आणि मूळही तेथेच अडते. दुधाच्या रिकाम्या अर्धा लिटरच्या पिशव्या फुकट मिळतात म्हणून शाळांत लोकप्रिय आहेत. त्या उथळ असतात. दोन-तीन महिन्यांच्या रोपाला चालतात, वर्षभर ठेवायच्या सोटमुळाच्या झाडाला नाही. शिवाय त्या साबणाने धुऊनच वापराव्यात, अन्यथा दुधाच्या अंशामुळे मुंग्या येतात. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत रोपवाटिकांसाठीच्या विघटनशील पिशव्यांना सूट होती. काळ्या पॉलिथिन पिशव्यांचा वापर मात्र अद्याप सर्रास दिसतो.

बी : उगवणीचा प्रश्न मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : बी किती दिवस जिवंत राहते आणि त्याचे कवच किती कठीण आहे. या दोहोंकडे दुर्लक्ष करून सगळे बी एकाच डब्यात साठवणे ही सर्वांत मोठी चूक होय.

पहिल्या गटात जांभूळ, मोह, आंबा, कडुनिंब ही झाडे येतात. यांचे बी वाळवून ठेवले की मरते. जांभळाची बी जूनमध्ये फळ खाल्ल्यावर धुऊन आठ-दहा दिवसांत पेरावी. एका बीतून दोन-तीन कोंब येतात. हा दोष नव्हे, पण एकच ठेवून बाकीचे मुळाशी कात्रीने कापावेत, उपटल्यास ठेवलेल्या रोपाचे मूळ हलते. निंबोळी जून-जुलैत पिकते. झाडावरील पिवळी फळे घ्यावीत, जमिनीवर सडलेली नकोत. गर वाळूत चोळून काढावा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवून दोन आठवड्यांच्या आत पेरावे. शंका आल्यास चार-पाच बिया चिरून पाहाव्यात : आत हिरवा गर असेल तर बी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेले. गेल्या वर्षीच्या निंबोळ्या मार्चमध्ये पेरून ‘बी उगवले नाही’ असा शेरा अनेक नोंदवह्यांत असतो. त्यात पाणी घालणाऱ्या मुलांचा काही दोष नसतो.

दुसरा गट कठीण कवचाच्या शेंगवर्गीय झाडांचा : बहावा, शिरीष, बाभूळ इत्यादी. हे बी वर्षानुवर्षे टिकते, पण कवचातून पाणी आत जात नाही. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात (सुमारे ८०° से.) बी टाकून ते त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावे. पाणी बियांच्या आकारमानाच्या चार-पाच पट असावे, कमी घेतल्यास ते लगेच निवते. चुलीवर पाणी चालू ठेवून बी उकळल्यास ते शिजते. हे काम शिक्षकानेच करावे. सकाळी फुगलेले बी पेरावे व न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया द्यावी. बहाव्याला याचाही परिणाम कमी होतो. त्याच्या बीची एक कड काचकागदावर घासून २४ तास भिजवणे अधिक भरवशाचे. वनखात्याच्या पुस्तिकांत त्यासाठी गंधकाम्ल सांगितलेले असते, ते शाळेत वर्ज्य समजावे. बाभळीबाबत धनगरांचा जुना उपाय सर्वांत स्वस्त आहे : शेंगा शेळ्यांना खाऊ घालून वाड्यातले बी वेचायचे. शेळीच्या पोटातून आलेले बी अधिक चांगले उगवते.

तिसऱ्या गटाला फारशी प्रक्रिया लागत नाही. करंज व चिंच २४ तास साध्या पाण्यात भिजवले की पुरे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडी पिकतात, एका किलोत सुमारे ८०० ते १,२०० बिया असतात, आणि ते दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उगवते. नवख्या शाळेने आरंभ करंजाने करावा. हजार पिशव्यांत दोन-दोन बिया टाकायच्या तर दोन ते अडीच किलो बी लागते. आवळ्याची आठळी फोडू नये. उन्हात ठेवली की ती आपोआप तडकते व आतले लहान बी बाहेर पडते. त्यावर जाळी किंवा फडके घालावे, नाहीतर बी उडून हरवते. वड, पिंपळ, उंबर यांचे बी धुळीइतके बारीक असल्याने पिशवीत पेरण्याच्या फंदात पडू नये. भिंतीच्या सांध्यात पक्ष्यांनी रुजवलेली रोपे ओल्या दिवशी काढून पिशवीत लावणे सोपे.

बी त्याच्या जाडीच्या एक ते दोन पट खोल पेरावे. मुले ते बोटभर खोल दाबतात. मोठे बी त्यातून वर येते, बारीक येत नाही.

निगा व रोग : उगवणीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत रोपे देठाशी काळी पडून आडवी होतात. याला मर किंवा रोप कोलमडणे म्हणतात. कारण पायथियमसारख्या बुरशी, निमित्त जास्त पाणी. पाच-सहा मुलांच्या दोन गटांनी एकमेकांना न सांगता पाणी घातले की हेच घडते, म्हणून पाण्याची पाळी फलकावर लिहिलेली असावी. मरग्रस्त पिशव्या लगेच वेगळ्या काढाव्यात, पाणी एक दिवसाआड करावे आणि सावलीची जाळी थोडी उघडावी. पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळल्यास प्रमाण कमी होते. मोरचुदाचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मुलांच्या हाती देऊ नये.

दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदलावी. न हलवल्यास सोटमूळ भोकातून जमिनीत जाते, रोप एकदम जोमाने वाढलेले दिसते, आणि जूनमध्ये पिशवी उचलताच मूळ तुटून आठवड्यात वाळते. ‘सर्वांत उंच रोप’ म्हणून बक्षीस मिळालेले रोप बहुधा असेच असते.

सुट्टीचा प्रश्न : शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष जुळत नाही. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास, विदर्भात त्याहून उशिरा उघडतात व एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी बंद होतात. रोपांना सर्वाधिक पाणी लागते ते नेमके या मधल्या काळात. करंज मार्चमध्ये पेरले तर ते सहा-सात आठवड्यांचे असताना सुट्टी लागते. जांभूळ जुलैत पेरले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत एक पूर्ण उन्हाळा काढावा लागतो. योजनांच्या मार्गदर्शिकांत या बाबीला एखादे वाक्य मिळते. प्रत्यक्षात रोपवाटिका जगणे-मरणे येथेच ठरते. व्यवहारात तीन मार्ग आढळतात. शिपाई किंवा शेजारचा शेतकरी यांच्यावर सोपवणे. हा मोबदला ठरवला तरच चालतो. ठिबकची साधी नळी व टाकी बसवणे. टाकी भरणारा माणूस तरीही लागतोच. तिसरा मार्ग म्हणजे निकालाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला पाच पिशव्या घरी देणे. घरच्या मोरीच्या पाण्यावर, न्हाणीच्या आडोशाला, पाच पिशव्या सहज जगतात. जून उजाडला की काही परत येतात, काही अंगणातच लागतात. दोन्ही नोंदवहीत लिहावे. मोरीच्या पाण्यात साबण फार नसेल एवढे पाहावे.

लावणी : लावणीच्या महिनाभर आधी सावली काढून पाणी कमी करावे, म्हणजे रोपे काटक होतात. खड्डे ४५ × ४५ × ४५ सेंमी. चे, उन्हाळ्यात खणून तापू दिलेले असावेत. लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी. केवळ तळ कापून पिशवीसकट लावण्याची पद्धत चुकीची आहे : मुळे आत गोल फिरत राहतात व झाड काही वर्षांनी वाऱ्यात कलते. तळाशी गुंडाळलेली मुळे कात्रीने छाटावीत. काढलेल्या पिशव्या मोजून परत आणाव्यात, ही मोजणी नसली की त्या शेतात जळताना दिसतात.

गवताळ माळावर लावणी टाळावी. सोलापूरजवळ नान्नजसारख्या माळरानांवर माळढोक पक्ष्याचा अधिवास गवतावरच टिकून आहे. तेथे खड्डे घेणे म्हणजे संवर्धन नव्हे.

बीजगोळे : जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्या पद्धतीवरून आलेले माती व खताचे बीजगोळे अलीकडे रोपवाटिकेला पर्याय म्हणून शाळांत केले जातात. करायला ते मजेचे, पण जगण्याचे प्रमाण अल्प असते. एप्रिलमध्ये वळलेल्या गोळ्यात जांभूळ-निंबोळी असेल तर ती जुनी, म्हणून मेलेली असते. ओलसर गोळे पोत्यात भरले तर बी पोत्यातच रुजते. आणि उघड्यावर पडलेला कोंब जुलैतील आठ दिवसांच्या उघडिपीत सुकतो. बाभूळ व बहावा यांना ही पद्धत त्यातल्या त्यात लागू पडते.

नोंद : पेरलेल्या, उगवलेल्या, लावलेल्या व जगलेल्या रोपांचे चार रकाने वेगळे ठेवावेत. जगलेल्यांची मोजणी ऑक्टोबरमध्ये एकदा व पुढच्या जूनमध्ये पुन्हा करतात. दरम्यान मेलेल्यांच्या जागी नांग्या भरल्या असतील तर त्या निराळ्या शाईने लिहाव्यात, अन्यथा दुसऱ्या वर्षीची टक्केवारी पहिलीपेक्षा अधिक येते.