आलूतलं पाणी आणि संध्याकाळचं व्होल्टेज

पाव किलो आलूचे चिप्स केले, तर ताटात जेमतेम ५५ ग्रॅम पडतात. बाकीचं वाफ होऊन गेलेलं असतं. आलूत वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असतं. चिप्स दाताखाली वाजायला ते २ टक्क्यांच्या आसपास यावं लागतं. एअर फ्रायरमधले चिप्स बिघडले, की आधी पाणी कुठं अडलं ते बघा.

कढईतलं १७५ अंशांचं तेल चकतीला सगळीकडून भिडतं आणि भराभर उष्णता देतं. हवेला ते जमत नाही, म्हणून तर यंत्रात पंखा असतो. त्यामुळे चकती दीड मिलिमीटरच हवी, आणि सगळ्या सारख्या. सुरीने हे साधत नाही, किसणीच घ्या. जाड-बारीक चकत्या एकत्र टाकल्या तर बारीक जळते तेव्हा जाड चामट असते.

चकत्या दोन-तीन पाण्यांतून धुवा. खाली बसतो तो पांढरा साका म्हणजे कापताना मोकळा झालेला स्टार्च. तो राहिला तर चकत्या एकमेकींना चिकटतात. मग अर्धा तास गार पाण्यात ठेवा आणि सुती कापडावर पसरा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारची हवाच इतकी कोरडी, की सावलीत पंधरा मिनिटं पुरतात. श्रावणात मात्र कापडाने टिपल्याशिवाय भागत नाही. वर एक चमचा फल्ली तेल चोळा. मीठ आत्ता नको, ते चकतीतलं पाणी बाहेर ओढतं.

यंत्र १६० अंशांवर तीन-चार मिनिटं तापवून घ्या. चकत्या शक्यतो एकाच थरात लावा, पाव किलोचे दोन-तीन घाणे होतील. वर स्टीलची लहान जाळी ठेवा, नाहीतर सुकत आलेली हलकी चकती उडून थेट तापल्या कॉइलला लागते. १५ ते १८ मिनिटं, दर चार मिनिटांनी हलवत. कडेच्या आधी होतात, त्या आधी काढा. गरम असताना चिप्स मऊच लागतात; एक काढून मिनिटभर गार करा आणि मोडून बघा. वाकला तर १२० अंशांवर आणखी दोन-तीन मिनिटं.

आता व्होल्टेज. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅटचं यंत्र १९० व्होल्टला सुमारे १,०२० वॅटच देतं, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. पाव किलो आलूतलं २०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण ५१० किलोज्यूल लागतात. काहीच वाया गेलं नाही तरी १,५०० वॅटला पावणेसहा मिनिटं, १,०२० ला साडेआठ. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर जाते. पडद्यावर १६० दिसत राहतं, आत चकत्या वाफेत शिजत असतात. गावात संध्याकाळी दिवे मंदावले असतील तर घाणा निम्मा करा. आणि १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेव्हा १६ अँपिअरचाच सॉकेट वापरा.

चिप्स कोरडे होण्याआधीच काळपट पडले, तर दोष आलूचा. थंडीत साठवलेल्या आलूत स्टार्चची साखर होते आणि ती अमिनो आम्लांशी मिळून रंग गडद करते, चव कडसर. फ्रीजमध्ये आलू ठेवू नये ते यासाठीच. असा आलू पदरात पडला तर चकत्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून काढा, बरीच साखर उतरते. रंग सोनेरीवरच थांबवा. १२० अंशांच्या वर याच साखरेपासून आणि अ‍ॅस्परॅजिन नावाच्या अमिनो आम्लापासून कर्करोगाचा संशय असलेलं अ‍ॅक्रिलामाइड बनतं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते तळल्या-भाजल्या पदार्थांत दाखवलं. जितकं काळं, तितकं जास्त.

मीठ बाहेर काढल्याबरोबर भुरभुरा, तेलाचा ओलावा असेपर्यंतच ते चिकटतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. पावसाळ्यात सादळले तर १२० अंशांवर तीन मिनिटं फिरवा, परत वाजतात.