अनिवार व्यायाम व आहारविकार (स्त्रियांमधील)

खाल्लेले फेडण्यासाठी व्यायाम करणे, तो चुकला की अपराधी वाटणे आणि ताप असो वा दुखापत, तो थांबवता न येणे, या अवस्थेला अनिवार व्यायाम म्हणतात. तो एकटा क्वचितच आढळतो. खाण्यावरची कडक बंधने, वजनाची धास्ती किंवा अनावर खाण्याचे झटके यांपैकी काहीतरी बहुधा त्याच्या जोडीला असतेच. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत मात्र बारीक राहण्याचा दबाव लहानपणापासून असतो, शिवाय मासिक पाळी आणि हाडे यांवर होणारे परिणाम दूरगामी असतात. म्हणून त्याचा वेगळा विचार होतो.

किती व्यायाम केला यावरून हा विकार ओळखता येत नाही. लांब पल्ल्याची धावपटू आठवड्याला शंभर किलोमीटर धावूनही निरोगी असू शकते आणि रोज तासभर चालणारी बाई गंभीर आजारी असू शकते. विचारायचे ते एवढेच : आज व्यायाम झाला नाही तर काय होईल? धावपटू म्हणते, ‘उद्या बघू.’ आजारी बाईचा उरलेला दिवस नासतो. ती जेवण कमी करते, दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करते, कोणाकडे जेवायला जायचे असेल तर त्याआधी घाम गाळून घेते. नडगीच्या हाडाला भेग पडली असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही ती पट्टी बांधून धावायला निघते. व्यायामातून मिळणारा आनंद तर बराच आधी ओसरलेला असतो. उरते ती फक्त न केल्यास वाटणारी भीती.

हे लवकर लक्षात येत नाही, याचे मोठे कारण म्हणजे आजूबाजूचे कौतुक. जेवण टाळणाऱ्या मुलीची घरच्यांना काळजी वाटते. पहाटे उठून धावणाऱ्या मुलीचे उदाहरण इतरांना दिले जाते. शिस्त, जिद्द, सातत्य या शब्दांच्या आड आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. वजन चारचौघींसारखे असेल तर डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही, आणि असे वजन असणाऱ्या रुग्ण स्त्रिया पुष्कळ आहेत.

आहारविकारातील अतिहालचालीची नोंद जुनी आहे. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी 1870च्या दशकात खाणे टाळून शरीर खंगत जाण्याच्या विकाराला अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव रूढ केले, तेव्हाच अत्यंत कृश झालेली रुग्ण मुलगी अस्वस्थपणे सतत हालचाल करत असल्याचे त्यांनी लिहून ठेवले होते. तरीही अनिवार व्यायामाला आजवर स्वतंत्र निदानाचा दर्जा मिळालेला नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 सालच्या वर्गीकरणात अतिव्यायामाचा उल्लेख बुलिमिया नर्व्होसाच्या (अनावर खाण्याचे झटके आणि मग त्याची भरपाई, असा विकार) निकषांमध्ये, खाल्ल्याची भरपाई करण्याचा एक मार्ग म्हणून येतो. त्याच आवृत्तीत अॅनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी बंद असण्याची अट काढून टाकण्यात आली. ते योग्यच झाले, कारण पाळी चालू आहे एवढ्यावरून अनेक जणींचे निदान अडत होते.

उपाशी शरीराने विश्रांती मागावी, असे कोणालाही वाटेल. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच्या उलट दिसले. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ अन्न दिले आणि पिंजऱ्यात पळण्याचे चाक ठेवले, तर ते दिवसेंदिवस अधिक पळू लागले, समोरचे अन्नही कमी खाऊ लागले आणि खंगत गेले. तेवढाच वेळ अन्न मिळालेले, पण चाक नसलेले उंदीर तगले. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होते आणि त्या घटीचा या अस्वस्थ धावण्याशी संबंध असल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. माणसाचे मन उंदराहून गुंतागुंतीचे असते, हे खरेच. पण ‘मनावर घे आणि थांब’ हा सल्ला का चालत नाही, ते यावरून समजते. उपासमार स्वतःच धावायला लावते. त्यात परिपूर्णतेचा अट्टहास, चिंता किंवा शरीरावरून ऐकलेले टोमणे मिसळले की हे चक्र घट्ट होते.

व्यायामात खर्च झाल्यावर उरणारी ऊर्जा शरीराच्या रोजच्या कामांना अपुरी पडू लागली, की मेंदू काटकसर सुरू करतो. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडून पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला जाणारे संकेत मंदावतात, अंडाशयातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, पाळी लांबते किंवा थांबते. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे लक्षण आहे, असा समज खेळाडूंमध्ये आजही आढळतो. तो घातक आहे. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरते; ते आटले की ऐन विशीत हाडे विरळ होतात, आणि हाडांची बहुतांश घडण तर त्याच वयापर्यंत पुरी व्हायची असते. नडगी, पाऊल आणि मांडीच्या हाडाची मान येथे ताणाने भेगा पडतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण त्यावरून पाळी पूर्ववत झाली असे ठरत नाही. हाडांचे नुकसानही त्या गोळ्यांनी भरून निघत नाही.

अपुरी ऊर्जा, पाळीचे बिघाड आणि दुबळी हाडे या तिहेरी गुंत्याला 1992 मध्ये अमेरिकेत ‘फीमेल अॅथलीट ट्रायड’ हे नाव मिळाले. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘रेड-एस’ (खेळाडूला पडणारी ऊर्जेची तूट) ही व्यापक संकल्पना मांडली. हृदय, पचन, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थिती यांवरील परिणामही तिच्यात येतात, आणि पुरुष खेळाडूही. नाडी संथ झाली की ती तंदुरुस्तीची खूण समजली जाते. उपासमारीतही नाडी अशीच मंदावते. अमेरिकन जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक 1989 च्या जागतिक स्पर्धेत खेळली होती. अॅनोरेक्सियाने अवयव निकामी होऊन 1994 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

उपचारात आधी खाणे सावरावे लागते. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून काम करणे उत्तम. फार खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीत काढावे लागतात. बोधात्मक वर्तनोपचारात ‘व्यायाम केला नाही तर अनर्थ होईल’ ही खात्री थोडीथोडी तपासून पाहिली जाते. किशोरवयीन मुलींसाठी आईवडिलांना सोबत घेऊन केलेले उपचार अधिक उपयोगी ठरतात. प्रकृती नाजूक असेल तर व्यायाम पूर्ण थांबवावाच लागतो, पण कायमची बंदी हा काही उपाय नव्हे. शरीर सावरल्यावर देखरेखीखाली, हलका आणि शक्यतो इतरांसोबत केलेला व्यायाम पुन्हा सुरू करता येतो.

भोवळ येऊन पडणे, छातीत धडधड किंवा दुखणे, आत्महत्येचे विचार यांपैकी काहीही दिसल्यास भेटीची वेळ ठरेपर्यंत थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे. एरवी जवळच्या माणसाने वजनाचा किंवा दिसण्याचा विषय काढूच नये. ‘बरी दिसतेस’ हे वाक्यही तिच्या कानाला ‘जाड झालीस’ असे ऐकू येते. तिची झोप, थकवा, थांबलेली पाळी, मैत्रिणींसोबतचे बंद झालेले जेवण यांविषयी विचारले तर बोलणे सुरू होण्याची शक्यता अधिक. पुरेसे खाणे सुरू झाल्यावर पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते. हाडांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि गमावलेले सगळे बळ परत मिळेलच असे नाही.